मुद्दा आणि पुरावा : गोपाळ गणेश आगरकर

१८८८ हे साल गोपाळ गणेश आगरकरांच्या चरित्रात दोन कारणांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी १५ ऑक्टोबरला त्यांनी ‘सुधारक’ हे पत्र काढले, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण त्याच वर्षी ‘वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण’ नावाचे त्यांचे व्याकरणाचे पुस्तक प्रसिद्ध झाले, याची आठवण सहसा कोणी काढत नाही. एका हाताने समाजाच्या रूढींवर कुऱ्हाड चालवायची आणि दुसऱ्या हाताने वाक्यातले प्रधान कोणते, गौण कोणते हे शिकवायचे, ही दोन कामे एकाच माणसाला एकाच वर्षी कशी सुचली असतील? मला वाटते, ती दोन कामे नव्हतीच. आगरकरांचा निबंध कसा रचलेला असतो ते पाहिले की व्याकरणकार आणि सुधारक एकाच टेबलाशी बसलेले दिसतात. हे मत माझे आहे, कोणा समीक्षकाचे नव्हे, तेव्हा चुकल्यास दोषही माझाच.

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. साहित्याशी माझा संबंध शाळेतल्या निबंधापुरता आणि आता या वार्षिकांकापुरता. परंतु निबंध हा विषय आम्हां मराठी माध्यमातून आलेल्यांच्या फार जिव्हाळ्याचा असतो, कारण त्यावर गुण असतात. प्रारंभी एखादी म्हण, मध्ये दोन थोर पुरुषांची नावे, शेवटी ‘अशा प्रकारे’, आणि पान भरले. काय म्हणायचे आहे, हे मात्र कुठेच नसते. आमच्या कन्नड विभागातल्या मैत्रिणी निबंधाला ‘प्रबंध’ म्हणतात. आपल्याकडे प्रबंध म्हटले की पीएच. डी. चे जाडजूड बाड डोळ्यांपुढे येते. उलट ‘निबंधने’ या शब्दाचा कन्नडात अर्थ होतो अट. शब्द सख्खे असले तरी गावोगावी त्यांचे संसार वेगळे. पण बांधणे हा धातू दोन्हीकडे आहे, आणि आगरकरांच्या बाबतीत तोच महत्त्वाचा आहे.

त्यांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी कराडजवळच्या टेंभू या गावी झाला. घरची गरिबी अशी की शिक्षणासाठी आजोळी कराडला राहावे लागले, आणि तेथेही पुढच्या शिक्षणाची सोय नव्हती. कराडच्या कचेरीत त्यांनी उमेदवारी केली. इंग्रजी शिकायचे म्हणून ते रत्नागिरीपर्यंत पायी गेले. कराड ते रत्नागिरी म्हणजे मध्ये सह्याद्रीचा घाट, हे आपल्या भागातल्या वाचकांना सांगायला नको. तेथे काही जमले नाही. परत येऊन दवाखान्यात कंपाउंडरचे काम केले. शेवटी अकोल्याला नातेवाइकांकडे राहून १८७५ साली ते मॅट्रिक झाले. तेथल्या शाळेत विष्णु मोरेश्वर महाजनींसारखा शिक्षक त्यांना भेटला. ‘वऱ्हाड समाचार’ या पत्रात लिहिण्याची सुरुवातही अकोल्याचीच. मग पुण्याचे डेक्कन कॉलेज. तेथे शिष्यवृत्ती, निबंधांची आणि वक्तृत्वाची बक्षिसे, वर्तमानपत्रांतले लेखन यांवर त्यांनी दिवस काढले. अंगात एकच सदरा होता, तो रात्री धुऊन वाळत घालायचा आणि सकाळी पुन्हा चढवायचा, अशी हकीकत सांगतात. म्हणजे निबंध हा त्यांच्या दृष्टीने हौसेचा विषय कधीच नव्हता. त्यावर जेवण अवलंबून होते. विसाव्या वर्षी माझ्या वर्गातली मुले सी. ए. च्या परीक्षांचे अर्ज भरत असतात. विसाव्या वर्षी आगरकर निबंध लिहून फी भरत होते.

याच कॉलेजात १८७९ च्या सुमारास त्यांची आणि बाळ गंगाधर टिळकांची गाठ पडली. दोघांनी सरकारी नोकरी न करण्याचे ठरवले. एम. ए. होत आलेल्या मुलाने मोठ्या पगाराची जागा घ्यावी, घरचे दारिद्र्य फिटावे, अशी आईची अपेक्षा असणार हे आगरकरांना कळत होते. म्हणून त्यांनी आईला पत्र लिहून आधीच सांगून टाकले, की मोठ्या पगाराच्या मुलाची स्वप्ने तिने पाहू नयेत, आपण पोटापुरते मिळवून बाकीचे आयुष्य लोकांच्या कामी घालणार आहोत. ते पत्र प्रसिद्धच आहे. मला त्यात विशेष वाटते ते हे, की अप्रिय गोष्ट त्यांनी गोड प्रस्तावनेत गुंडाळून ठेवली नाही. आईलासुद्धा मुद्दा आधी सांगितला.

त्या काळी मराठी निबंधाचे राज्य विष्णुशास्त्री चिपळूणकरांचे होते. १८७४ ते १८८१ या काळात निघालेल्या ‘निबंधमाले’ने मराठी गद्याला ऐट दिली. त्यांच्या निबंधांत बसले की विषयापासून दूर दूर फिरून यायला मिळते, मध्येच संस्कृत सुभाषित, मध्येच जॉन्सन, मध्येच एखाद्यावर कोरडा. वाचायला मौज येते. पण वाचून झाल्यावर त्यांचे म्हणणे एका वाक्यात सांगा म्हटले, तर माझ्यासारखीला जरा थांबावे लागते. आगरकर हे त्यांचेच सहकारी. शास्त्रीबोवांच्या पुढाकाराने २ जानेवारी १८८० ला न्यू इंग्लिश स्कूल निघाले आणि एम. ए. झाल्यावर आगरकर तेथे येऊन मिळाले. जानेवारी १८८१ मध्ये ‘केसरी’ आणि ‘मराठा’ सुरू झाले तेव्हा केसरीचे संपादन आगरकरांकडे आले. शास्त्रीबोवा १७ मार्च १८८२ ला अवघ्या बत्तिसाव्या वर्षाच्या आत गेले.

आणि त्याच वर्षी एक प्रकरण घडले. त्याकडे वाणिज्याच्या विद्यार्थिनीने दुर्लक्ष करूच नये. कोल्हापूर आपल्यापासून शंभरएक किलोमीटरवर. तेथले तरुण छत्रपती चौथे शिवाजी यांना वेडे ठरवून त्यांचा छळ चालला आहे आणि त्याला कारभारी माधवराव बर्वे जबाबदार आहेत, असा आरोप केसरी व मराठा या पत्रांनी केला. आरोपाला आधार म्हणून काही पत्रे होती. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. न्यायालयात ती पत्रे बनावट ठरली. संपादकांनी माफी मागितली, तरी टिळक व आगरकर यांना जुलै १८८२ मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात त्यांची रवानगी झाली. १०१ दिवसांनी, २६ ऑक्टोबरला, ते सुटले. पुढे १८८३ च्या डिसेंबरात अहमदनगरला त्या दुर्दैवी महाराजांचा, त्यांच्यावर नेमलेल्या एका गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर, अंत झाला. तेव्हा महाराजांचे हाल होत होते ही गोष्ट काही अगदीच निराधार नव्हती, असे पुष्कळांना वाटले. परंतु न्यायालयासमोर म्हणणे नुसते खरे असून भागत नाही, त्याच्याखाली लावलेला कागद खरा असावा लागतो. आमच्या हिशेबात नोंद बरोबर असली तरी तिच्यामागचे व्हाउचर खोटे निघाले तर लेखापरीक्षक ती नोंद धरीत नाही. येथे चार महिन्यांचा तुरुंग झाला.

आगरकरांनी या तुरुंगवासावर ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’ हे पुस्तक लिहिले. त्यात स्वतःच्या हालांचे भांडवल न करता कोठडी, अन्न, काम, पहारेकरी यांची बारीकसारीक माहिती येते, आणि रात्री दोघे मित्र इतक्या मोठ्याने वाद घालीत की पहारेकऱ्यांना त्यांना गप्प करावे लागे, हेही येते. वाद कशावर? देशाची गाडी कोणत्या बाजूने ओढायची यावर. तो वाद तुरुंगातून दोघांबरोबर बाहेर आला आणि पाच वर्षांनी मैत्री मोडूनच थांबला.

या भांडणाची गोष्ट आपण व्यक्तींचे भांडण म्हणून वाचतो. शिक्षणसंस्थेच्या कारभारावरून, आजीव सभासदांच्या मानधनावरून कुरबुरी होत्या हे खरेच आहे. पण मुळाशी पाहिले तर दोघांजवळ माहिती एकच होती. बालविवाह वाईट, स्त्रिया अशिक्षित, विधवांचे हाल होतात, देश परतंत्र आहे, हे दोघांनाही दिसत होते. एकाच ढिगातली विटा-माती. फरक एवढाच, की टिळकांच्या मांडणीत स्वराज्य हे प्रधान वाक्य होते आणि समाजसुधारणा त्याच्या मागून येणारे गौण वाक्य. आगरकरांच्या मांडणीत माणसाचे विचारस्वातंत्र्य प्रधान होते आणि राज्य कोणाचे हा प्रश्नही त्याच कसोटीला लावायचा होता. प्रधान बदलले की तोच तपशील उलट बाजूने उभा राहतो. रखमाबाईंच्या खटल्यात, म्हणजे लहानपणी लग्न लावून दिलेल्या मुलीने नवऱ्याच्या घरी नांदायला नकार दिला तेव्हा, हेच झाले. संमतिवयाच्या बिलाच्या वेळी तर उघडच झाले. कलकत्त्यात फुलमणी दासी ही दहा-अकरा वर्षांची विवाहित मुलगी पतीच्या संगाने मरण पावली, आणि संमतीची वयोमर्यादा १० वरून १२ वर नेणारा कायदा मार्च १८९१ मध्ये झाला. परक्या सरकारने आपल्या धर्मात हात घालू नये, हा टिळकांचा मुद्दा. मुलीचा जीव वाचवणारा कायदा कोणी केला यापेक्षा तो झाला हे महत्त्वाचे, हा आगरकरांचा. त्या मुलीचा मृत्यू दोघांनाही नाकारता येत नव्हता. तो कोणत्या मुद्द्याखाली लिहायचा एवढाच प्रश्न होता, आणि त्यावरून पुण्यात घराघरांत फूट पडली.

१८८७ च्या ऑक्टोबरात आगरकर केसरीतून बाहेर पडले. एक वर्षाने ‘सुधारक’ निघाला. त्याचा मराठी भाग आगरकर लिहीत आणि इंग्रजी भाग गोपाळ कृष्ण गोखले. दोन भाषांचे पत्र असल्यामुळे आमच्या या अंकाच्या संपादकांना त्यांच्या अडचणी समजतील असे वाटते.

आता थोडे त्या निबंधांविषयी. ग्रंथालयातून आगरकरांचा निबंधसंग्रह आणून मी एक उद्योग केला. वहीच्या पानाला लेजरसारखे दोन रकाने पाडले. डाव्या रकान्यात निबंधाचे प्रधान वाक्य, उजवीकडे त्याला आधार देणाऱ्या गोष्टी. डावा रकाना भरायला मला वाटले होते त्यापेक्षा फार कमी वेळ लागला, कारण पुष्कळदा ते वाक्य मथळ्यातच असते. स्त्रियांनी जाकिटे घातली पाहिजेत, हा मथळा नाही, ते पुरे वाक्य आहे, कर्त्यासह आणि क्रियापदासह. मूळ पाया चांगला पाहिजे, हेही तसेच. ‘शहाण्यांचा मूर्खपणा अथवा आमचे प्रेतसंस्कार’ या मथळ्यात निकाल आधी आणि विषय नंतर. आपण मात्र ‘स्त्रीशिक्षण’, ‘महागाई’, ‘विज्ञान : शाप की वरदान’ अशी मोकळी पाटी टांगतो आणि वाचकाने आत येऊन काय ते शोधावे असे म्हणतो.

त्यांतला एक निबंध मला सर्वांत जवळचा वाटला. स्त्रीपुरुषांना एकच शिक्षण द्यावे आणि तेही एकत्र द्यावे, अशा अर्थाचा त्याचा मथळा आहे. नीट पाहिले तर ही दोन वाक्ये आहेत. शिक्षण एकच असावे हे एक, आणि ते एका वर्गात बसून घ्यावे हे दुसरे. पहिले पटलेला माणूस दुसरे नाकारू शकतो. मुलींना तेच धडे शिकवा, पण त्यांच्या वेगळ्या शाळेत, असे म्हणणारे तेव्हा होते आणि आजही आमच्या गल्लीत आहेत. म्हणून एकाचा पुरावा दुसऱ्याच्या खात्यावर टाकून चालत नाही. दोन खाती, दोन पुरावे. मथळ्यातच ती फोड करून ठेवणारा माणूस वाक्यपृथक्करणावर पुस्तक लिहितो, याचे मग आश्चर्य वाटत नाही. मिश्र वाक्य फोडताना आपण शाळेत हेच करतो. प्रधान कोणते ते हुडकायचे, मग प्रत्येक गौण वाक्याला विचारायचे, बाबा रे, तू येथे कशासाठी आलास? कारण सांगायला, वेळ सांगायला, की नुसताच एखाद्या नामाला लटकायला? उत्तर देता आले नाही तर ते वाक्य तेथे नको. आमच्या अकाउंटन्सीच्या तासाला ५८ जणांत ३१ मुली बसतो. मुलींचा तो बाक कोणाच्या तरी युक्तिवादातून आला आहे, हे मी तरी वही घेऊन बसेपर्यंत इतके स्पष्ट पाहिले नव्हते.

उजव्या रकान्याला मात्र वेळ लागला. आगरकर एकाच प्रकारचा आधार वापरीत नाहीत. कोठे इतिहास, कोठे शरीरशास्त्र, कोठे इतर देशांची चाल, कोठे साधी व्यवहाराची गोष्ट. मिल् आणि स्पेन्सर यांचे वाचन मागे असते, पण नाव घेऊन वाचकाला दडपण्याची हौस कमी. प्रेतसंस्कारांच्या निबंधात तर तपशीलच काम करतो. आपण जे डोळे मिटून करतो ते त्यांनी एकेक करून उजेडात मांडले आहे. शिवाय विरुद्ध पक्ष काय म्हणेल ते ते स्वतःच आधी सांगतात आणि मग त्याचे उत्तर देतात. जुन्या शास्त्रकारांची पूर्वपक्ष-उत्तरपक्षाची ही पद्धत त्यांनी त्याच शास्त्रांविरुद्ध वापरली, ही गंमत मला फार आवडली. दोषही आहे. प्रतिपक्षाला मूर्ख ठरवण्याचा मोह त्यांना आवरत नाही, आणि ज्याला मूर्ख म्हटले तो पुढचा पुरावा कशाला ऐकेल? पुरावा भक्कम असताना कोरड्याची गरज नव्हती, असे दोन-तीन ठिकाणी तरी वाटते.

ज्यांना कोरडा लागला त्यांनी उत्तर दिले, पण निबंधाने नव्हे. पुण्यात आगरकरांची प्रेतयात्रा काढली गेली. माणूस जिवंत, घरात बसलेला, आणि त्याच्या दारावरून त्याच्या नावाचे प्रेत तिरडीवर नेले. प्रेतसंस्कारांतला फोलपणा ज्याने लिहून दाखवला त्यालाच तो पाहण्याची वेळ यावी! त्यांच्या पत्नी यशोदाबाईंनी ते पाहिले तेव्हा त्यांना काय वाटले असेल, याचा विचार मला अधिक येतो. यशोदाबाई स्वतः जुन्या वळणाच्या, देवधर्म करणाऱ्या होत्या. बुद्धिवादी आगरकरांनी आपली मते त्यांच्यावर लादली नाहीत, असे त्यांच्या चरित्रांतून दिसते. दुसऱ्याच्या विचारस्वातंत्र्याचा मुद्दा घरच्या माणसापासून सुरू करणे हे मथळा लिहिण्याहून अवघड असणार.

१८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज स्थापन झाले होते. पहिले प्राचार्य वामन शिवराम आपटे १८९२ मध्ये वारले, तेव्हा आगरकर प्राचार्य झाले. दम्याने शरीर पोखरलेले. कॉलेजचे काम, तास, सुधारकाचे लेख, आणि रात्रभर खोकला. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ हे त्यांचे भाषांतर पूर्वीच, १८८३ मध्ये, आले होते. आता तशा कामाला सवड नव्हती. जे लिहायचे ते आठवड्याच्या अंकासाठी.

१७ जून १८९५ रोजी ते वारले. चाळिशी गाठायला वर्षाहून थोडे अधिक राहिले होते. अंत्यविधीच्या खर्चासाठी कोणापुढे हात पसरावा लागू नये म्हणून त्यांनी त्यापुरते पैसे पुडीत बांधून आधीच वेगळे ठेवले होते, असे सांगतात. पुढे केसरीत त्यांच्यावर मृत्युलेख आला. तो टिळकांनी लिहिला होता, आणि तो पुरा करायला त्यांना नेहमीपेक्षा फार वेळ लागला म्हणतात.